ऑफिसचे आयपी फोन: रजिस्ट्रेशन जाणं, एकतर्फी आवाज आणि बत्तीस सेकंदांत तुटणारे कॉल

प्रश्न थोडक्यात असा आहे. ऑफिसात तीसेक आयपी फोन आहेत आणि पीबीएक्स, म्हणजे कॉल जोडणारं एक्स्चेंज, सेवा देणाऱ्या कंपनीच्या क्लाउडवर आहे. दिवसातून दोन-तीनदा काही फोनवर रजिस्ट्रेशन, म्हणजे फोनची सर्व्हरकडची नोंद, गेल्याचा संदेश येतो आणि थोड्या वेळाने आपोआप जातो. बाहेरून येणाऱ्या काही कॉलमध्ये आपला आवाज समोर पोचतो, पण समोरच्याचा इकडे येत नाही. काही कॉल अर्ध्या मिनिटात बंद पडतात. दुपारनंतर आवाज तुटक येतो. राउटर नवा घेतला, सगळे फोन फॅक्टरी रिसेट केले, फरक शून्य. फोनवाले नेटवर्ककडे बोट दाखवतात आणि इंटरनेटवाले लाइन स्वच्छ असल्याचं सांगतात.

सर्वात आधी रिसेट आणि रीस्टार्ट थांबवा. रीस्टार्ट केल्यावर तक्रार तासभर गप्प बसते, म्हणून तो उपाय वाटतो. प्रत्यक्षात राउटरच्या टेबलातला आणि फोनच्या लॉगमधला पुरावा तेवढा पुसला जातो. त्याऐवजी रिसेप्शनवर एक वही ठेवा आणि प्रत्येक बिघडलेल्या कॉलची नोंद करायला सांगा: कुठून कुठे, किती वाजता, किती सेकंदांनी तुटला, कोणाला कोणाचा आवाज येत नव्हता, त्याच वेळी शेजारचा फोन चालू होता का. ‘फोन सारखा कट होतो’ या वाक्यावरून काहीच कळत नाही. ‘उचलल्यापासून अर्ध्या मिनिटात कट होतो’ यावरून जवळजवळ सगळं कळतं. या यंत्रणेत जागोजागी टायमर बसवलेले आहेत आणि कोणता टायमर संपला यावरून बिघाडाची जागा सापडते.

आयपी फोनवरचा कॉल दोन वेगळ्या प्रवाहांनी चालतो, हे डोक्यात पक्कं असू द्या. घंटी वाजवणं, उचलणं, ठेवणं, रजिस्टर होणं ही सगळी बोलणी सिप या प्रोटोकॉलने होतात, बहुधा ५०६० पोर्टवरून आणि टीएलएस, म्हणजे कूटबद्ध जोडणी, वापरत असाल तर ५०६१ वरून. प्रत्यक्ष आवाज आरटीपी या दुसऱ्या प्रोटोकॉलने जातो. त्याचे यूडीपी (पोच न मागता पॅकेट पाठवण्याची पद्धत) पोर्ट प्रत्येक कॉलला नव्याने ठरतात, तेही सिपच्या बोलणीतच. त्यामुळे घंटी वाजली म्हणजे आवाज येईलच असं नाही. रजिस्ट्रेशन गेलं, कॉल लागला नाही किंवा ठरावीक वेळी तुटला, तर सिपकडे बघायचं. कॉल लागला पण मुका निघाला किंवा आवाज फुटला, तर आरटीपीकडे. तुमच्याकडे दोन्ही आहे, म्हणून सगळं एका दमात दुरुस्त करायला जाऊ नका.

एकतर्फी आवाज आणि बत्तीस सेकंद या दोन तक्रारी मात्र मी एकत्र धरेन. याचं कारण नॅट, म्हणजे राउटरने पत्ते बदलणं. ऑफिसातल्या फोनचा पत्ता १९२.१६८ ने सुरू होणारा असतो आणि तो इंटरनेटवर निरुपयोगी आहे. राउटर बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पॅकेटवरचा हा पत्ता काढून आपला सार्वजनिक पत्ता लावतो. पण सिपने पत्ता पॅकेटच्या आतल्या मजकुरातही लिहिलेला असतो. पाकिटावरचा प्रेषकाचा पत्ता बदलला, पण आतल्या पत्रात ‘उत्तर या पत्त्यावर पाठवा’ म्हणून जुनाच राहिला, तशी ही गत आहे. समोरचा सर्व्हर पत्र वाचून आवाज १९२.१६८ वर पाठवू लागला, तर तो कुठेच पोचत नाही. तुमचा आवाज मात्र नीट जातो, कारण सर्व्हरचा पत्ता सार्वजनिकच असतो. तुम्ही लिहिलेलं लक्षण हेच आहे.

आता बत्तीस सेकंद. बाहेरून कॉल आला आणि तुम्ही उचलला की फोन ‘२०० ओके’ पाठवतो. त्यावर समोरून ‘ॲक’ ही पोच यायला हवी. पोच आली नाही, तर फोन ‘२०० ओके’ पुन्हा पुन्हा पाठवत राहतो. सिपचं मानक, म्हणजे २००२ सालचं आरएफसी ३२६१, यात मूळ टायमर ५०० मिलिसेकंद ठरवलेला आहे आणि त्याच्या ६४ पट वेळ वाट पाहून कॉल सोडायला सांगितलं आहे. ६४ गुणिले अर्धा सेकंद म्हणजे ३२ सेकंद. तुमच्या वहीत ३० ते ३४ सेकंदांच्या नोंदी दिसल्या, तर पोच हरवते आहे असं बिनधास्त समजा. ती हरवते कारण सर्व्हर ती फोनने ‘कॉन्टॅक्ट’ या ओळीत दिलेल्या पत्त्यावर पाठवतो आणि तो पत्ता चुकलेला असतो. तुम्ही बाहेर लावलेला कॉल ३२ सेकंदांत तुटत असेल, तर गोष्ट उलटी असते: फोनने पाठवलेली पोच सर्व्हरला मिळत नाही आणि कॉल सर्व्हर सोडतो. म्हणूनच वहीत कॉलची दिशा लिहायला विसरू नका.

मग हा पत्ता चुकवतो कोण? बहुतेक वेळा राउटरमधलं ‘सिप एएलजी’ नावाचं फीचर. कल्पना चांगली होती: राउटरने सिपचा मजकूर उघडायचा आणि आतला पत्ताही दुरुस्त करून द्यायचा. व्यवहारात कित्येक राउटर अर्धीच दुरुस्ती करतात. कॉन्टॅक्टची ओळ बदलतात पण आवाजाच्या पत्त्याची ओळ तशीच ठेवतात, किंवा दोन फोनचे पोर्ट एकमेकांत मिसळतात. त्यात क्लाउड पीबीएक्सचे सर्व्हर स्वतःही नॅटमागचे फोन ओळखून पॅकेट जिथून आलं तिथेच उत्तर पाठवतात. राउटरने आधीच लुडबुड केली की त्यांचा तो अंदाज फसतो. नवा राउटर घेऊन फरक पडला नाही यात नवल नाही, कारण बऱ्याच राउटरमध्ये हे फीचर कारखान्यातूनच चालू येतं.

ते बंद करा. मायक्रोटिकमध्ये ते फायरवॉलखालच्या ‘सर्व्हिस पोर्ट्स’मध्ये ‘सिप’ या नावाने असतं. सोनिकवॉलमध्ये व्हॉइपच्या पानावर ‘सिप ट्रान्सफॉर्मेशन्स’ बंद आणि ‘कन्सिस्टंट नॅट’ चालू ठेवायचं. लिनक्सवर बांधलेल्या राउटरवर सिपचे कनेक्शन ट्रॅकिंग मॉड्यूल काढून टाकायचे. बंद केल्यावर राउटर एकदा रीस्टार्ट करा. या एका ठिकाणी रीस्टार्ट हवाच, कारण फोन सतत पॅकेट पाठवत असल्याने जुन्या नोंदी टेबलात जिवंत राहतात आणि ‘बंद करूनही काही झालं नाही’ असं वाटतं. इंटरनेट कंपनीने दिलेला मोडेम स्वतःही राउटिंग करत असेल आणि त्यामागे तुमचा राउटर असेल, तर नॅट दोनदा होतो. त्या मोडेमला ब्रिज मोडमध्ये, म्हणजे राउटिंग बंद करून, टाकायला सांगा. राउटरच्या बाहेरच्या बाजूचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला दिसला, तर कंपनी स्वतःच्या पातळीवरही नॅट करते आहे. तसं असेल तर स्वतंत्र सार्वजनिक पत्ता मागून घ्या.

राउटरमध्ये एएलजी बंद करायची सोयच नसेल, तर सिप टीएलएसवर न्या. कूटबद्ध मजकूर राउटरला वाचताच येत नाही, त्यामुळे बदलताही येत नाही. फक्त फोनचं घड्याळ बरोबर हवं. वीज जाऊन आल्यावर वेळ देणारा एनटीपी सर्व्हर सापडला नाही की फोन भलत्याच सालात उठतो, सर्टिफिकेट त्याला अवैध दिसतं आणि तो रजिस्टर होत नाही. पडद्यावर चुकीची तारीख दिसत असेल तर आधी ती सुधारा.

आता रजिस्ट्रेशन जाण्याकडे. इथे पहिला प्रश्न: दर वेळी तेच फोन जातात, कोणतेही जातात, की सगळे एकदम जातात?

तेच फोन जात असतील तर सॉफ्टवेअरकडे बघूही नका. केबल, पॅच कॉर्ड, स्विचचा पोर्ट तपासा. स्विचवर त्या पोर्टचे सीआरसी एरर, म्हणजे वाटेत बिघडलेल्या पॅकेटची मोजणी, वाढताना दिसले की कॉर्ड बदला. स्विचच्या पोर्टला कोणी वेग हाताने ठरवून दिला असेल तर दोन्ही बाजू ‘ऑटो’वर आणा, एक बाजू ठरावीक फुल डुप्लेक्सवर आणि दुसरी ऑटोवर असली की दुसरी हाफ डुप्लेक्सवर, म्हणजे एका वेळी एकाच दिशेने पाठवण्यावर, घसरते. मग पिंग ठीक दिसतं आणि आवाज फाटतो. पीओईची, म्हणजे नेटवर्क केबलमधून मिळणाऱ्या विजेची, बेरीजही करून पाहा. ८०२.३एएफ या मानकाप्रमाणे एका पोर्टला १५.४ वॅट धरले तर २४ पोर्टना सुमारे ३७० वॅट लागतील, आणि अनेक स्विचची एकूण क्षमता त्याहून बरीच कमी असते. साधे फोन एवढी वीज खात नाहीत, पण त्याच स्विचवर वायफायचे ॲक्सेस पॉइंट आणि कॅमेरे टांगले की शेवटचे काही पोर्ट उपाशी राहतात. एक विचित्र प्रकार आणखी सांगतो. फोनला मागे दोन पोर्ट असतात, एक भिंतीसाठी आणि एक कॉम्प्युटरसाठी. टेबल हलवताना कोणी दोन्ही केबल भिंतीतल्या सॉकेटमध्ये खोचल्या की नेटवर्कमध्ये लूप तयार होतो आणि सगळा मजला आडवा होतो. स्विचवर स्पॅनिंग ट्री (लूप ओळखून तोडणारी सोय) चालू असेल तर यातून वाचता.

कोणतेही फोन जात असतील तर डीएचसीपी (फोनला पत्ता वाटणारी सेवा) आणि नॅट यांच्यावर संशय घ्या. फोनला १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता मिळाला असेल तर डीएचसीपीकडून त्याला उत्तरच आलेलं नाही. चोवीस बिटांच्या सबनेटमध्ये २५४ पत्ते असतात. फोन, कॉम्प्युटर आणि प्रत्येकाच्या खिशातला मोबाइल एकाच पूलमधून घेऊ लागले की ते संपायला वेळ लागत नाही. फोनसाठी वेगळा व्हीलॅन, म्हणजे त्याच स्विचवरचं स्वतंत्र नेटवर्क, करण्याचं मला पटणारं पहिलं कारण हेच आहे; आवाज सुधारणं हे नव्हे.

नॅटचा भाग जरा नाजूक आहे. फोन एकदा रजिस्टर झाला की ती नोंद बहुधा ३६०० सेकंद टिकते. पण राउटरने त्या फोनसाठी उघडलेली यूडीपीची वाट तेवढा वेळ उघडी राहत नाही. २००७ सालचं आरएफसी ४७८७ सांगतं की ती दोन मिनिटांच्या आत बंद होऊ नये, तरी लिनक्सच्या कनेक्शन ट्रॅकिंगमध्ये उत्तर न आलेल्या यूडीपीसाठी मूळ मुदत ३० सेकंदच आहे आणि बरेच राउटर तोच हिशोब धरतात. वाट बंद झाली की फोन स्वतःला रजिस्टर समजतो, सर्व्हरही तसंच समजतो, पण येणारा कॉल राउटरपाशी अडतो. याची खूण अगदी स्पष्ट आहे: बाहेर कॉल लागतो, आत येत नाही, आणि एकदा बाहेर कॉल लावला की पुढची काही मिनिटं आत यायला लागतात. फोनमध्ये ‘कीप अलाइव्ह’ (वाट उघडी ठेवणारं पॅकेट) २० ते २५ सेकंदांवर ठेवा. राउटरमध्ये यूडीपीची मुदत वाढवता येत असेल तर ३०० सेकंद करा. दोन्ही करायला हरकत नाही.

सगळे फोन थोड्याफार अंतराने एकदम जातात आणि दहा-पंधरा मिनिटांनी परत येतात, असं वहीत दिसलं तर मी आधी एक वेगळाच प्रश्न विचारेन: कपाटात, मीटिंग रूममध्ये किंवा नोकरी सोडून गेलेल्या कोणाच्या लॅपटॉपवर जुन्या पासवर्डचा एखादा फोन किंवा सॉफ्टफोन अजून चालू आहे का? तो सतत चुकीचा पासवर्ड पाठवत राहतो. सर्व्हरवर फेलटूबॅनसारखं संरक्षण असतं. त्याच्या मूळ सेटिंगमध्ये दहा मिनिटांत पाच चुका झाल्या की तो पत्ता दहा मिनिटं बंद होतो. आता सर्व्हरला तुमचे तीसही फोन एकाच सार्वजनिक पत्त्यामागे दिसतात. म्हणजे एकाच्या चुकीची शिक्षा सगळ्यांना. पडद्यावर मात्र सगळ्यांवर संदेश येत नाही, कारण ज्यांच्या नोंदीच्या नूतनीकरणाची वेळ त्या दहा मिनिटांत आली तेवढेच फोन ओरडतात. बाकीचे शांतपणे मुके असतात. तुमच्या वर्णनातलं ‘काही फोन’ आणि ‘आपोआप परत’ हे दोन्ही यात बसतं. सेवा देणाऱ्या कंपनीला तुमचा सार्वजनिक पत्ता कळवून गेल्या आठवड्यात तो कधी ब्लॉक झाला होता का, एवढंच विचारा. लॉगमध्ये एकेक ४०१ (‘पासवर्ड द्या’ असं उत्तर) दिसला तर घाबरू नका. पहिल्या प्रयत्नाला ४०१ येणं हा रिवाजच आहे, त्यावर फोन पासवर्डसह पुन्हा विचारतो. ४०१ मागून ४०१ येत राहिले किंवा ४०३ (मनाई) आला तर काळजी करा.

दोन इंटरनेट लाइन असतील आणि राउटर त्यांच्यात लोड वाटत असेल, तर फोनचा सगळा व्यवहार एकाच लाइनला बांधा. सिप एका लाइनने आणि आवाज दुसरीने निघाला की पत्त्यांचा मेळ बसत नाही. आणि लाइन पडून दुसरीवर गेलात तरी सर्व्हर जुन्या पत्त्यावरच कॉल पाठवत राहतो, फोन पुन्हा रजिस्टर होईपर्यंत. म्हणून अशा ऑफिसात रजिस्ट्रेशनची मुदत ३६०० ऐवजी ३०० सेकंद ठेवलेली बरी.

दुपारनंतरचा तुटक आवाज ही स्वतंत्र भानगड आहे, आणि तिथे बँडविड्थ वाढवून घेण्याआधी थोडं गणित करा. जी.७११ कोडेकमध्ये, म्हणजे आवाज डिजिटल करण्याच्या एका पद्धतीत, सेकंदाला ५० पॅकेट जातात, प्रत्येकात १६० बाइट आवाज आणि ४० बाइट मथळे. इथरनेटसकट एका कॉलला एका दिशेने सुमारे ८७ केबीपीएस. तीसपैकी पंधरा जण एकाच वेळी बोलत असले तरी १.३ एमबीपीएस. आजच्या कोणत्याही ऑफिसच्या लाइनला हे किरकोळ आहे. खरी अडचण अपलोडच्या रांगेची असते. दुपारी कोणीतरी मोठी फाइल चढवतं, बॅकअप सुरू होतो, कॅमेऱ्यांचं चित्रण क्लाउडवर जातं, आणि मोडेममध्ये पॅकेटची रांग लागते. अपलोड ५ एमबीपीएस आणि रांगेत ५०० किलोबाइट साठलेले असतील, तर शेवटच्या पॅकेटला ०.८ सेकंद थांबावं लागतं. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या जी.११४ शिफारशीत एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत ठेवायला सांगितलं आहे.

हे पाहायला स्पीड टेस्ट कामाची नाही. ती किती माल जातो ते मोजते, किती उशिरा पोचतो ते नाही. एका कॉम्प्युटरवर बाहेरच्या सर्व्हरला सतत पिंग लावा आणि दुसऱ्यावरून मोठी फाइल चढवा. २० मिलिसेकंदांचे ३०० झाले की रोग सापडला. औषध म्हणजे राउटरवर अपलोडचा वेग खऱ्या वेगाच्या ८५ ते ९० टक्क्यांवर बांधणं, म्हणजे रांग मोडेमऐवजी तुमच्या हातात राहते, आणि त्या रांगेत आवाजाला पुढे काढणं. फोन आरटीपीवर बहुधा डीएससीपी ४६ ची, म्हणजे ‘याला पुढे काढा’ अशी, खूण लावतात. इंटरनेटवर तिला कोणी विचारत नाही, पण अडतं ते तुमच्याच दारात, आणि तिथे ती पुरते. वेग न बांधता नुसतं प्राधान्य दिलं तर काही होत नाही. हा सर्वात जास्त दिसणारा घोटाळा. पॅकेट हरवण्याचं प्रमाणही बघा: १ टक्का म्हणजे दर दोन सेकंदांना एक पॅकेट, तेवढं कान चालवून घेतो. तेच पॅकेट सलग हरवले तर शब्द जातो.

आणखी दोन खुणा पटकन सांगतो. कॉल बरोबर १५ किंवा ३० मिनिटांनी तुटत असतील तर ते सेशन टायमर, म्हणजे कॉल अजून चालू आहे का हे तपासणारे टायमर, आहेत. १८०० सेकंदांची मुदत असते आणि तिचं नूतनीकरण अर्ध्यावर होतं, ते पॅकेट फायरवॉल अडवते. आणि फोन रजिस्टर आहे, पण बाहेर कॉल लावला की काहीच घडत नाही, सर्व्हरकडे कॉल सुरू करणारा ‘इन्व्हाइट’ हा संदेश पोचतच नाही, असं झालं तर तो संदेश फार मोठा झाला असावा. कोडेकची यादी लांब असली की तो १५०० बाइटच्या वर जातो, त्याचे तुकडे होतात आणि काही फायरवॉल तुकडे टाकून देतात. नको असलेले कोडेक काढा किंवा सिप टीसीपीवर न्या.

यानंतरही गाडी अडली तर कॅप्चर, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या पॅकेटची नोंद, घ्या. बऱ्याच फोनच्या वेब पानावर पॅकेट कॅप्चरची सोय असते. नसेल तर स्विचवर पोर्ट मिरर करून वायरशार्क हा पॅकेट वाचणारा प्रोग्रॅम लावा. त्याच्या टेलिफोनी मेनूत व्हॉइप कॉल्स उघडले की कॉलचा सगळा प्रवाह आकृतीत दिसतो आणि आरटीपी विश्लेषणात जिटर, म्हणजे पॅकेट पोचण्याच्या वेळेतला चढउतार, आणि हरवलेली पॅकेट मोजून मिळतात. ‘२०० ओके’ पुन्हा पुन्हा जातो आहे आणि ॲक नाही, हे चित्र एकदा पाहिलं की पुन्हा शोधावं लागत नाही. मजकूर टीएलएसमध्ये असेल तर तात्पुरता एकच फोन यूडीपीवर आणून तपासा.

तुमच्या जागी मी आधी एएलजी बंद करून एक दिवस वही बघेन, मग ब्लॉक झालेल्या पत्त्याची चौकशी, मग दुपारची पिंग चाचणी. एका दिवसात एकच बदल करायचा. नाहीतर कशाने बरं झालं ते कळत नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते.

कंपनीकडे तिकीट टाकताना ‘आवाज येत नाही’ एवढंच लिहू नका. एका विशिष्ट कॉलची सेकंदापर्यंतची वेळ, दोन्ही नंबर, कॉलची दिशा, कॅप्चरमधला कॉल-आयडी आणि तुमचा सार्वजनिक पत्ता द्या, आणि त्याच कॉलचा त्यांच्या बाजूचा सिप ट्रेस मागा. फोनमधून निघताना कॉन्टॅक्टच्या ओळीत १९२.१६८ होतं आणि त्यांच्याकडे पोचताना तिथे दुसरंच काही दिसलं, तर मधल्या राउटरने हात घातला आहे. दोन्हीकडे सारखंच दिसलं, तर नॅटमागच्या फोनला उत्तर कुठे पाठवायचं हे त्यांच्या सर्व्हरच्या सेटिंगमध्ये चुकलेलं आहे. ट्रेस द्यायला टाळाटाळ झालीच, तर त्या कॉलमध्ये त्यांना कॉन्टॅक्टच्या ओळीत कोणता पत्ता दिसला, एवढं तरी लेखी विचारा.